मधल्या खुर्चीतला आवाज

रेकॉर्डची पहिली बाजू संपेपर्यंत निरीक्षकांची बायको थांबली. सुई उचलली गेली, आणि मग तिने सांगितलं, की महिनाअखेरीस ती आपलं टेबल घेऊन चालली आहे.

"कुठे?" निरीक्षकांनी विचारलं.

"दातांच्या डॉक्टरांकडे. दवाखान्याच्या मागे त्यांनी एक खोली रिकामी केलीय. खिडकी आहे, बेसिन आहे. म्हणाले, कवळ्यांचं सगळं काम इथेच बसून करा, आठपर्यंत उघडं असतं."

"बरं," निरीक्षक म्हणाले आणि त्यांनी दुसरी बाजू लावली.

यावरून त्यांना काहीच वाटलं नाही असं कोणी समजू नये. वजनमापे खात्यात एकवीस वर्षं काढलेला माणूस तोलूनमापून बोलतो, आणि काटा स्थिर व्हायच्या आत आकडा सांगत नाही. त्यांचा काटा स्थिर व्हायला रेकॉर्डची दुसरी बाजू अख्खी संपावी लागली. तेव्हा जो आकडा दिसला तो असा होता: टेबल जाता कामा नये. पण तोवर बायको आत जाऊन झोपायची तयारी करत होती, आणि दारात उभं राहून असलं काही बोलायची निरीक्षकांना सवय नव्हती.

हे टेबल हॉलच्या डाव्या कोपऱ्यात, खिडकीखाली होतं. बायको कवळ्या बनवायची. दाताचा रंग दिव्याच्या उजेडात जुळवला तर गिऱ्हाईक उन्हात हसलं की फसतं, म्हणून खिडकी. टेबलावर मेण वितळवायचा दिवा, घासायची पांढरी पूड, चमक आणायला कापडी चाकाची मोटर. आणि टेबलाला लागून प्लास्टरच्या साच्यांचं एक उंच कपाट. त्या कपाटात अर्ध्या गावाचे जबडे होते. वरच्या फळीवर तयार कवळ्या ओळीने मांडलेल्या असत. हसतील त्यांचे दात दिसतील, असं म्हणतात. इथे कोणी न हसताच चौदा जणांचे दिसायचे.

त्याच हॉलमध्ये निरीक्षकांचा स्टिरिओ होता. समोरच्या भिंतीला दोन स्पीकर, आणि त्यांच्यासमोर एक खुर्ची. डावा स्पीकर ते उजवा स्पीकर जेवढं अंतर, तेवढंच प्रत्येक स्पीकरपासून खुर्चीचं. निरीक्षकांनी ते सरकारी फितीने मोजलं होतं आणि खुर्चीच्या चारही पायांखाली फरशीवर रंगाने खुणा केल्या होत्या. पाहुण्याने चुकून खुर्ची सरकवली तर निरीक्षक त्याला चहा द्यायचे, पण परत बोलवायचे नाहीत.

सहा ते आठ ते खुर्चीत बसायचे आणि ती टेबलाशी. अकरा वर्षं असंच चाललं होतं. दोन तासांत एक शब्द व्हायचा नाही. बाहेरच्या माणसाला हा अबोला वाटला असता. तो संसार होता.

पूर्वी बायको काम करता करता गुणगुणायची. निरीक्षकांनी तिला दोनदा, आणि तेही अगदी हलक्या आवाजात, सांगितलं होतं की सूर चुकतोय. दोष आढळला की नोंदवायचा, एवढंच. त्यानंतर ती गुणगुणेनाशी झाली. दोष दूर झाला, असं धरून निरीक्षकांनी प्रकरण मिटवलं.

त्या रात्री त्यांनी पडल्या पडल्या विचार केला, की बायको का जात असेल. भांडण नाही, तंटा नाही. मग उरलं काय? आवाज. स्टिरिओ पंधरा वर्षांचा जुना. रोज दोन तास असला आवाज ऐकून कोणाचंही मन उडेल. दोष यंत्रात असतो, माणसात नसतो, हा खात्याचा पहिला नियम. दुसरा नियम याच्या बरोबर उलट आहे, पण तो त्यांना त्या वेळी आठवला नाही.

सकाळी त्यांनी मेहुण्याला फोन केला.

मेहुणा चष्म्याच्या दुकानात डोळे तपासायचा, पण कानांवर त्याचं प्रभुत्व होतं, असं तो स्वतः म्हणायचा. त्याच्या घरी सात स्पीकर होते, आणि त्याची बायको माहेरून परत आली की आधी ते वाढले नाहीत ना, हे मोजायची.

"दाजी," मेहुणा फोनवर म्हणाला, "हा फोन यायला पंधरा वर्षं लागली. मी गाडी काढतो."

"गाडी कशाला? दुकान कोपऱ्यावर आहे."

"येताना काही आणावं लागलं तर."

दुकान लांबट आणि अंधारं होतं. जाड गालिचा, भिंतींना कापड; आत शिरलं की आपलाच श्वास दुसऱ्याचा वाटायचा. दुकानदार हळू बोलायचा. सगळे त्याला डेसिबलकाका म्हणत आणि त्याला ते आवडायचं. त्याने दोघांना बसवलं आणि हातावर हात ठेवून विचारलं, "साहेब, तुम्हाला नेमकं काय कमी पडतंय?"

निरीक्षकांना काय कमी पडणार होतं ते दुकानात सांगण्यासारखं नव्हतं. ते म्हणाले, "आवाज."

"मोठेपणा कमी पडतोय की खोली?"

"खोली आहे. तिथे बेसिनही आहे," निरीक्षक तंद्रीत म्हणाले. मग सावरून म्हणाले, "सगळंच जरा बघू."

डेसिबलकाकांनी एक ॲम्प, म्हणजे आवाज वाढवायचं यंत्र, दाखवला. काळा, जड, पुढे एकच बटण. "याचा मध्य उबदार आहे. हा शंभर वॅट."

निरीक्षकांनी ॲम्प उलटा करून पाहिला. "शंभर म्हणता, पण शिक्का कुठे आहे?"

"कसला शिक्का?"

"पडताळणीचा. शंभर हे कोणी मोजलं?"

"कंपनीने."

"कंपनीने आपलंच माप आपणच मोजलं," निरीक्षक म्हणाले. त्यात राग नव्हता. मापात पाप कुठून शिरतं हे त्यांना माहीत होतं, इतकंच. डेसिबलकाकांनी मेहुण्याकडे पाहिलं. मेहुण्याने डोळ्यांनीच सांगितलं, की हे होतं, घाबरायचं नाही.

मग मेहुण्याने आपली पद्धत सुरू केली. दिवसभर लोकांच्या नाकावर काचा चढवून तो विचारायचा, आधीचं स्पष्ट की आत्ताचं. तेच त्याने इथे लावलं. एक ॲम्प जोडायचा. "एक." दुसरा जोडायचा. "दोन. कुठला स्पष्ट?"

"दुसरा."

"परत. एक… दोन…"

"पहिला."

"दाजी, मी दोन्ही वेळा तोच लावला होता."

"मग दोन्ही," निरीक्षक म्हणाले.

दीड तासाने ठरलं ते असं: ॲम्प, स्पीकरची जोडी आणि रेकॉर्ड प्लेअरची नवी सुई घरी न्यायची, आठ दिवस ऐकायचं, आणि जे पसंत पडेल ते ठेवायचं. डेसिबलकाका असं सगळ्यांनाच देत. त्यांचा अनुभव होता, की घरी गेलेली वस्तू लेकीसारखी परत येते ती फक्त भेटायला.

निरीक्षकांनी तपासणीचं वेळापत्रक केलं. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, नाहीतर फरक कशामुळे पडला ते कळत नाही. पहिल्या दिवशी फक्त सुई. दुसऱ्या दिवशी ॲम्प. तिसऱ्या दिवशी स्पीकर. वही घातली, रकाने आखले. रेकॉर्ड मात्र रोज एकच, नेहमीचीच: एक बाई गाते, सोबत चेलो, म्हणजे ते गुडघ्यात धरून वाजवायचं मोठं व्हायोलिन, आणि मागे कुठेतरी एक पियानो. पंचेचाळीस मिनिटं, दोन बाजू.

सुई बदलली. बाईच्या आवाजावरची धूळ कोणी ओल्या फडक्याने पुसल्यासारखं झालं. निरीक्षकांनी डाव्या कोपऱ्याकडे मान वळवली. "कसं वाटतंय?"

"ठीक आहे," बायको म्हणाली. ती मेणात एक सुळा बसवत होती.

वहीत नोंद झाली: सुई — ठीक आहे.

ॲम्प बदलला. बाई दोन पावलं पुढे आली.

"आता?"

"ठीक आहे."

तिसऱ्या दिवशी स्पीकर आले. ते कमरेइतके उंच होते. चेलोचा पहिलाच खालचा सूर आला तसा हॉलच्या फरशीतून एक घरघर गेली, आणि फळीवरच्या चौदा कवळ्या एका दमात कडकडायला लागल्या, जणू सगळ्यांना एकदम हुडहुडी भरली होती. दुसऱ्या सुराला टोकाची कवळी चालू लागली. ती वरच्या दाताने फळी चावत चावत कडेपर्यंत आली, क्षणभर थांबली, आणि बायकोच्या मांडीत पडली.

बायकोने ती उचलली, उजेडात धरून तडा गेलाय का पाहिलं, आणि फळीवर ठेवून पुढे पट्टी आडवी लावली.

"ही निवृत्त न्यायाधीशांची आहे," ती म्हणाली. "त्यांना आवडलेलं दिसतंय."

"आणि तुला?"

"ठीक आहे."

निरीक्षक वहीकडे बघत बसले. तीन रकाने, तीन ठीक आहे. दाताच्या कण्या करून काही उपयोग नव्हता. दाताच्या कण्या हा त्या टेबलावर रोजचाच माल होता. त्यांनी परत मेहुण्याला बोलावलं.

मेहुणा आला, त्याने बहिणीच्या स्टुलामागे उभं राहून हात चोळले. "ताई, डोळे मीट."

"सुरी आहे माझ्या हातात."

"बरं, उघडे ठेव. हे एक… आता हे दोन. कुठलं बरं?"

"दोन्ही सारखंच."

"असं कसं? पहिल्यात गाणाऱ्या बाईचा श्वास ऐकू येतो. नीट ऐक. ओळ संपली की हळूच घेते बघ."

"कुठली बाई?" ताई म्हणाली.

मेहुण्याने दाजींकडे पाहिलं. दाजींनी जमिनीकडे पाहिलं. बायका असं कधी म्हणतात आणि त्याचा अर्थ काय होतो हे दोघांनाही ठाऊक होतं, आणि दोघांनीही त्याच अर्थाने ते घेतलं. मेहुण्याने गाडीची किल्ली उचलली. दारात तो दबक्या आवाजात म्हणाला, "दाजी, हे स्पीकरच्या हाताबाहेर गेलंय."

महिना संपायला नऊ दिवस होते.

मंगळवारी निरीक्षक एका खिळेवाल्याच्या गोदामात तपासणीला गेले. ठोक माल, खिळे आणि नटबोल्ट पोत्यांनी; छोटे कारखानदार आणून टाकत आणि भरेल त्या वजनाचे पैसे घेत. मोठा जमिनीवरचा काटा. निरीक्षकांनी खात्याची पितळी वजनं मांडली. आधी मधोमध. आकडा बरोबर. खिळेवाला खूश होऊन पावतीपुस्तक आणायला वळला.

"थांबा," निरीक्षक म्हणाले. वजनं उचलून त्यांनी काट्याच्या एका कोपऱ्यात ठेवली. मग दुसऱ्या. कोपरा चाचणी म्हणतात तिला. काटा चांगला असेल तर मधे ठेवा की कडेला ठेवा, आकडा तोच यायला हवा. डाव्या मागच्या कोपऱ्यात हा काटा निम्मंच दाखवत होता.

"साहेब, मधे ठेवा की," खिळेवाला म्हणाला. "मधे ठेवलं की सोन्यासारखा चालतो."

"आणि कोपऱ्यात?"

"कोपऱ्यात कोण ठेवतं?"

"पोतं पाठीवरून टाकणारा मध्य बघून टाकत नाही. जिथे जागा मिळेल तिथे टाकतो."

"अहो, पण इतक्या वर्षांत एकानेही तक्रार केलेली नाही. तुमच्या गळ्याशपथ."

"माझा गळा राहू द्या. तो तक्रार कशी करणार? मधे ठेवलं असतं तर किती भरलं असतं, हे त्याला कुठे माहितीये? त्याला वाटतं, आहे ते इतकंच आहे."

हे वाक्य निरीक्षकांनी एकवीस वर्षांत शंभर दुकानदारांना ऐकवलं असेल. पण ते नेहमी समोरच्याला असायचं. या वेळी ते अर्ध्या वाटेत फिरून परत आलं. निरीक्षक हातात मोहोर लावायची पक्कड घेऊन तसेच उभे राहिले, इतका वेळ, की खिळेवाल्याने त्यांना बसायला रिकामं खोकं दिलं.

त्यांनी काटा बंद केल्याचा कागद लिहिला, कार्यालयात गेले आणि अर्ध्या दिवसाची रजा टाकली. कारणाच्या रकान्यात त्यांनी 'तपासणी' असं लिहिलं. कारकुनाने ते दोनदा वाचलं आणि पुढे सरकवलं.

घरी कोणी नव्हतं. बायको डॉक्टरांकडे तयार कवळ्या द्यायला आणि ती खोली नीट बघायला गेली होती. निरीक्षकांनी बूट काढले, रेकॉर्ड लावली आणि हॉलची कोपरा चाचणी घेतली.

खुर्चीत: बाई, चेलो, पियानो, सगळं जागच्या जागी. दाराशी: बाई थोडी पसरट, पण आहे. स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर: बाई आहे. उजव्या स्पीकरजवळ: बाईच बाई. मग ते डाव्या कोपऱ्यात गेले आणि बायकोच्या स्टुलावर बसले. स्टूल बुटकं होतं, मेणाचा वास येत होता, आणि उजव्या स्पीकरच्या आणि त्यांच्यामध्ये अर्ध्या गावाचे जबडे भरलेलं कपाट उभं होतं.

बाई नव्हती.

निरीक्षकांनी कान टवकारले. कपाटाच्या पलीकडे कुठेतरी, दोन घरं सोडून कोणी काही म्हणत असावं इतपत एक पुसट कुजबुज होती. मोटर चालू असती तर तीही नसती. इकडे फक्त चेलो होता, आणि अधूनमधून पियानो.

रेकॉर्ड जुनी होती. आवाजाला नुकत्याच दोन बाजू फुटलेल्या, म्हणजे स्टिरिओ नवा असतानाच्या काळातली. दोन खोल्या मिळालेल्या एकत्र कुटुंबासारखं त्या लोकांनी सगळ्यांना वेगवेगळं काढलं होतं: बाई उजवीकडे, चेलो डावीकडे, तुमचं तुम्ही बघा. मधल्या खुर्चीत ते पुन्हा एकत्र नांदायचे. इथे नाही. बायकोने अकरा वर्षं अर्धी गाणी ऐकली होती, आणि बहुतेक तिला वाटत होतं, आहे ते इतकंच आहे.

एवढ्यावर थांबलं असतं तरी पुष्कळ होतं. पण तिसरं गाणं लागलं. चेलो खालून वर चढत गेला, मधे एका ठिकाणी रेंगाळला, आणि एक पायरी गाळून खाली आला. हे निरीक्षकांच्या ओळखीचं होतं. ही ओळ त्यांनी ऐकली होती, पुष्कळदा ऐकली होती, आणि रेकॉर्डवर नव्हे. पायरी गाळलेली त्यांना तेव्हाही खटकली होती.

त्यांनी सुई मागे नेली. परत ऐकलं. पुन्हा मागे नेली. एकदा झालं तर योगायोग, दोनदा झालं तर संशय, तिसऱ्यांदा झालं की पंचनामा. बायकोचा सूर चुकत नव्हता. ती बाईचं गाणं गात नव्हती, कारण तिला बाई माहीतच नव्हती. ती चेलो गुणगुणत होती, आणि अगदी अचूक गुणगुणत होती. आणि पितळी वजनं बाळगणाऱ्या माणसाने तिला नापास केलं होतं.

बायको आली तेव्हा निरीक्षक अजून स्टुलावरच होते. पँटला मेण लागलं होतं.

"इथे काय करताय?"

"तपासणी."

"कोणाची?"

"माझी," निरीक्षक म्हणाले. "तुझा सूर चुकत नव्हता."

तिने हातातली पिशवी खाली ठेवली. "कधीचा?"

"तो. पूर्वीचा. मी दोनदा म्हणालो होतो."

"चारदा."

"दोनदा."

"दोनदा तोंडाने. दोनदा मान हलवून."

निरीक्षकांनी मनातल्या मनात नोंद दुरुस्त केली. "चारदा," ते म्हणाले. "चारही चुकीच्या." आणि त्यांनी सगळं सांगितलं, खिळेवाल्यापासून. कपाट दाखवलं, स्पीकर दाखवला, तिसरं गाणं लावून ती पायरी दाखवली. तिने मधे एकदाही तोडलं नाही. संपल्यावर ती म्हणाली, "म्हणजे ती बाई खरंच आहे? मला वाटलं माझा भाऊ थापा मारतोय."

"बस इथे," निरीक्षक खुर्चीकडे हात करून म्हणाले.

खुर्ची ती रोज हलवायची, पुसायची आणि खुणांवर परत ठेवायची. बसली मात्र कधी नव्हती. ती टेकली, पदराने हात पुसले, आणि निरीक्षकांनी पहिलं गाणं लावलं. ते स्वतः उभे राहिले, निकाल ऐकायला राहतात तसे. दोन ओळी गेल्या. बायकोने भुवई वर केली. पूर्ण गाणं संपेपर्यंत ती तशीच राहिली.

"बरी आहे," ती म्हणाली.

"बरी?"

"चांगली आहे हो. पण सारखी मधे मधे बोलते. तिच्यावाचून काही अडलं नव्हतं."

निरीक्षकांनी याच बाईसाठी अकरा वर्षं खुर्ची मोजली होती. त्यांनी ते गिळलं. मग, काटा स्थिर झालाय की नाही हे न बघता, ते बोलले. "टेबल नेऊ नकोस."

"हे त्या दिवशी का नाही म्हणालात?"

"त्या दिवशी मला वाटलं ॲम्पमुळे होतंय."

ती हसली नाही, पण दात दाबून धरले. त्यांचा तिला चांगला अभ्यास होता. "मी गप्प बसू शकते," ती म्हणाली. "बसलेच की. पण गप्प बसून माझा हात चालत नाही. दोन तास तोंड मिटून दुसऱ्याचे दात बसवायचे, म्हणजे माझीच दातखीळ बसते. म्हटलं, तिथे भिंतीला तरी सूर कळत नाही."

"आणि खोली कशी आहे?"

"छान आहे," ती म्हणाली. "बेसिन मोठं आहे. इथे मला पूड धुवायला मोरीत उकिडवं बसावं लागतं, ते तुमच्या वहीत नसेल." ती उठली. "बघते," म्हणाली, आणि आत गेली.

बघते या शब्दाला कोणतंही प्रमाणित माप नाही. निरीक्षकांनी पुढचे चार दिवस ते धरून काढले.

शनिवारी आठ दिवस संपले. सामान परत द्यायला निरीक्षक आणि मेहुणा निघाले तेव्हा बायकोने चपला घातल्या. "मीही येते." गाडीत मागच्या सीटवर दोन स्पीकर होते, त्यांच्यामध्ये ती बसली. मेहुणा म्हणाला, की ताई आयुष्यात पहिल्यांदा बरोबर मध्यावर बसलीय. ताईने त्याला समोर बघून चालव म्हणून सांगितलं.

दुकानात तिने डेसिबलकाकांना सरळ विचारलं, "दोघांना दोन ठिकाणी बसून सारखंच ऐकू येईल असं काय आहे तुमच्याकडे?"

डेसिबलकाका कळवळले. "बाईसाहेब, मध्य एकच असतो."

"काका, जबड्याला मध्य असतो, पण माणूस मध्याने चावत नाही. कवळी एका बाजूला जरा उंच झाली, की दुसरी बाजू नुसती शोभेची राहते. आम्ही दोन्हीकडून घासून सारखी करतो. तुमच्यात तशी सोय नाही?"

डेसिबलकाका मागे गेले. काहीतरी सरकवल्याचा, काहीतरी पडल्याचा आवाज झाला, आणि ते एक जुना ॲम्प घेऊन आले, चंदेरी, पुढे भरपूर बटणं. त्यातलं एक लहानसं बटण त्यांनी अंगठ्याने पुसलं. "याला मोनो आहे," ते दुखवट्याला बोलावं तसे बोलले. "दाबलं की दोन्ही बाजू एक होतात. दोन्ही स्पीकरमधून सगळंच येतं. सोडलं की परत ज्याचं त्याला."

"दाजी," मेहुण्याने निरीक्षकांचा दंड धरला, "लोक मोनोतून स्टिरिओत येतात. उलटे जात नाहीत. हे म्हणजे डोळे सुधारायला आले आणि एक झाकून गेले."

"तू त्या कोपऱ्यात जाऊन उभा राहा," निरीक्षक म्हणाले.

मेहुणा राहिला. मग दुसऱ्या कोपऱ्यात. चारही झाले. निरीक्षक स्वतः चारही फिरले, बायकोही फिरली, आणि शेवटी डेसिबलकाकाही आपल्याच दुकानाच्या कोपऱ्यांतून एकेकदा जाऊन आले. चारही ठिकाणी बाई होती आणि चारही ठिकाणी चेलो होता.

"कसं वाटतंय?" निरीक्षकांनी बायकोला विचारलं.

"बटण माझ्या हाताला येईल असं ठेवायचं," ती म्हणाली. "मला कधी कधी ती बाई नको असेल."

जुना ॲम्प गाडीत चढला. नवा ॲम्प, उंच स्पीकर आणि उबदार मध्य, सगळं दुकानात राहिलं. नवी सुई मात्र ठेवली. तिच्याविरुद्ध काही आढळलं नव्हतं.

महिन्याच्या शेवटच्या दिवशी टेम्पोवाला आला. डॉक्टरांनी पाठवला होता. त्याने हॉलमध्ये एक नजर टाकली आणि टेबलाच्या एका टोकाला हात घातला. निरीक्षक दार धरून उभे होते. दार धरायची काही गरज नव्हती, ते उघडंच राहायचं.

"ते नाही," बायको म्हणाली. "ही मोटर न्यायची, पुडीचा डबा, आणि प्लास्टरची गोणी. घासायचं काम सकाळी तिकडे करीन."

"आणि टेबल?"

"टेबल इथे. दात संध्याकाळी बसवते मी."

टेम्पोवाल्याने खांदे उडवले. तो पूर्ण टेबलाच्या हिशेबाने सोबत एक माणूस घेऊन आला होता; तो जिन्यावर उगाच उभा होता. निरीक्षकांनी त्या दोघांनाही चहा दिला. पिताना एकाने खुर्ची ओढून घेतली. निरीक्षकांनी ते पाहिलं आणि बिस्किटं आणायला आत गेले.

सहा वाजता त्यांनी रेकॉर्ड लावली. बायकोने बटण दाबलं, थोडं ऐकलं, आणि मेणाचा दिवा पेटवला. मोटर नसल्याने हॉलमध्ये खूप जागा झाल्यासारखी वाटत होती. बाई गायली, चेलो वाजला. तिसऱ्या गाण्याला डाव्या कोपऱ्यातून गुणगुणणं सुरू झालं. आधी चाचपडत, मग सरळ. निरीक्षकांनी मान हलवली नाही. वरखाली नाही आणि आडवीही नाही. ती चांगल्या अर्थाने हलली तरी कोपऱ्यातून कसं दिसेल, याची खात्री नव्हती.

गाणं संपलं. बायको दाढ उजेडात धरून रंग बघत होती.

"तुम्ही कधी गुणगुणत नाही ते?"

"मला येत नाही."

"कोण म्हणालं?"

निरीक्षकांनी खरंच आठवून पाहिलं. कोणीच म्हणालं नव्हतं. त्यांनी आजवर हे यंत्र कधी कोणासमोर काट्यावर ठेवलंच नव्हतं. पुढचं गाणं सुरू होत होतं. त्यांनी घसा साफ केला, खुर्चीचे दोन्ही हात धरले, आणि अगदी हळू, बाईच्या मागोमाग एक ओळ म्हटली. ती बाईच्या जवळपासही नव्हती. चेलोशीही तिचं काही नातं नव्हतं.

बायकोने दाढ मेणात टेकवली, अंगठ्याने दाबली आणि मान वर न करता म्हणाली, "चालू द्या."